मेजरांचा नकाशा

मेजर वर्गात आले की आधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचे. तो वाळेपर्यंत हात मागं बांधून उभे राहायचे. मग खडू टेकवायचे तो कच्छच्या टोकावर, आणि सगळा भारत पुरा झाल्याशिवाय उचलायचे नाहीत. सौराष्ट्राचा फुगवटा, कोकणची धार, कन्याकुमारी, मग पूर्व किनाऱ्यानं वर. बंगालपाशी हात जरा सावकाश व्हायचा, ईशान्येला वळसा घालायचा आणि हिमालयावरून उतरून पुन्हा कच्छला यायचा. समोर पुस्तक नाही की कागद नाही. पुरा झाला की खडूची पूड झटकायचे आणि म्हणायचे, "आधी नकाशा, मग कलम. जमीन डोळ्यापुढं आल्याबिगर कायदा डोक्यात जात न्हाई."

मेजर जाऊन आता वर्ष होत आलं. खरं तर ते मेजर नव्हतेच. आमच्या पाथर्डी भागात फौजेतून जो कोणी परत येतो त्याला गाव मेजर म्हणतं, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला का असेना. भानुदासरावांना ते आवडायचं नाही. "हवालदार हाय मी. शिक्षण हवालदार. जवानांना लिहायवाचायला, नकाशा बघायला शिकवायचो. मेजर साहेब येगळे असत्यात," असं ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे. पोरं "व्हय मेजर" म्हणायची.

तिसगावला बाजारतळाच्या मागं पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं त्यांचा वर्ग. बाजाराच्या दिवशी शेळ्यांचं ओरडणं आणि टेम्पोचे हॉर्न यांत कलमं ऐकावी लागायची. आसपास भरतीच्या अकॅडम्या चिक्कार. पहाटे डांबरीवर पोरं पळताना दिसतात ती सगळी त्यांची. मेजर मात्र अधिकारी व्हायच्या परीक्षांची तयारी करून घ्यायचे, बारावीनंतरची एनडीए आणि पदवीनंतरची सीडीएस. "पळायला शिकवणारे लई हायत. मी बसायला शिकवतो," म्हणायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील बरोबर होते. मेजरांनी माझे मार्क विचारले नाहीत. विचारलं ते असं, "पोरी, तुझ्या गावाच्या चार शिवा सांग."

मी पूर्वेचं गाव सांगितलं, पश्चिमेचं सांगितलं. उत्तरेला अडकले.

"जा. पाहून ये. आपल्या गावाची शीव जिला ठाऊक न्हाई तिनं देशाची कशी राखायची?"

वडील म्हणाले, "मेजर, पोरीला सायकलवरनं शिवारभर फिरवू का आता?"

"फिरवा की."

दुसऱ्या दिवशी मी खरंच फिरून आले. उत्तरेला ओढा होता आणि ओढ्यापलीकडं दोन गावांचं जुनं भांडण. ते सांगितल्यावर मेजर खूश झाले. म्हणाले, "आता तुला कलम तीन समजंल."

घटनेच्या पहिल्या चार कलमांवर त्यांचा फार जीव. संघराज्य आणि त्याचा प्रदेश, त्यात तिसरं नवी राज्यं करण्याचं आणि हद्दी, नावं बदलण्याचं. बाकीचे शिक्षक हा भाग अर्ध्या तासात उरकतात. मेजर आठवडा लावायचे. खोल्यांपुढच्या अंगणात मैदान आखायच्या फक्कीनं ते नकाशा काढायचे आणि आम्हाला राज्यं करून त्यात उभं करायचे. ज्या वर्षी तेलंगणा झालं त्या वर्षी मी आंध्र होते. माझ्या बाजूची मुलगी माझ्यापासून वेगळी निघाली. मेजरांनी मला विचारलं, "तुझं म्हणणं काय? जाऊ देती का हिला?"

"नाही देत," मी म्हणाले.

"बरं. तुझं मत नोंदवलं." आणि त्यांनी आमच्या दोघींमध्ये फक्कीची रेघ ओढली. "राष्ट्रपती विधेयक राज्याकडं पाठवतो, मत मागतो, मुदत देतो. मत काय बी येऊ द्या, संसदेवर बंधन न्हाई. आन ही घटनादुरुस्ती बी धरत न्हाईत, कलम चार. साध्या बहुमतानं राज्याचे दोन तुकडे हुत्यात. कळलं? आमच्या घरात माझं मत तसंच हाय. विचारत्यात. मुदतीत दिलं तर ऐकून घेत्यात. फुडं हिचं ठरलंय तेच हुतं."

त्यांचं घर वर्गाला लागूनच होतं. आतून माई, त्यांच्या पत्नी, ओरडल्या, "ऐकू येतंय मला!" आंध्र, तेलंगणा आणि बाकीची सगळी राज्यं हसत सुटली.

मी सीडीएसची लेखी परीक्षा दोनदा पास झाले. दोन्ही वेळा भोपाळला मुलाखतीला गेले. पाच दिवस असते ती. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि निवडलेल्यांचे नंबर वाचतात. दोन्ही वेळा माझा नंबर वाचला गेला नाही. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा वय संपलं होतं. मी मेजरांकडं गेले. त्यांनी समजूत घातली नाही. माईंनी पोहे दिले. मेजर म्हणाले, "उद्यापास्नं इंग्रजी तू घे. सातला ये. उशीर करू नको." दुसऱ्या दिवशी मी सातला गेले. तेव्हापासून तिथंच आहे.

काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले त्या वर्षी मेजरांनी वर्गात नवी रेघ स्वतः ओढली होती. त्यांची बरीच नोकरी त्या भागात गेली होती. रेघ ओढताना म्हणाले, "हितं माझा एक पाय बर्फानं जायला आलता. आता पेपरात हे असं लिहायचं. राज्यं अठ्ठावीस." पुढं दमण-दीव आणि दादरा-नगरहवेली एक झाले तेव्हा त्यांनी नऊचे आठ केंद्रशासित प्रदेश केले. त्यांच्या फळ्यावर आकडा कधी शिळा नसायचा. म्हणूनच पुढं जे झालं ते लवकर कळलं. आणि कळूनही काही करता आलं नाही.

एके सकाळी त्यांनी फळ्यावर लिहिलं, राज्यं एकोणतीस. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मेजर अशी फसवी चूक मुद्दाम करायचे, पोरं जागी आहेत का पाहायला. एकानं हात वर केला, "मेजर, अठ्ठावीस."

"बस खाली. एकोणतीस."

तास संपल्यावर मी हळूच म्हटलं, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "व्हय की गं. काय झालं मला?" आम्ही दोघं हसलो. मीच आधी हसले, हे मला नीट आठवतं.

महिन्याभरानं तेलंगणा गेलं. नकाशाची बाहेरची रेघ तशीच, एकाही वळणाला चूक नाही. आत मात्र आंध्र पुन्हा एक झालेला. मी उठून रेघ ओढली, तर माझ्यावर डाफरले, "हे कुठलं राज्य? तू काढलंस का?" ज्या माणसानं मला त्या रेघेच्या एका बाजूला उभं केलं होतं, तोच विचारत होता.

मी आणि माईंनी त्यांना नगरला नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मेजरांना तीनपैकी एकच आठवला. पण त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, परत परीक्षा कधी देता येईल?" डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले की हे हळूहळू वाढत जाणार, औषधानं थोडं लांबेल, मागं फिरणार नाही. नवं आधी जाईल, जुनं टिकेल. परत येताना एसटीत मेजर खिडकीशी बसून करंजी घाट येईपर्यंत गावांची नावं बरोबर सांगत होते.

"वर्ग बंद करायचा का माई?" मी विचारलं.

माई म्हणाल्या, "पोरी, पहाटं सहाला ते बूट घालून हुबं राहत्यात. कुठं जाऊ देऊ त्यांना? तू म्हन मला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "घरात बसवलं तर आजच संपत्याल."

मग आम्ही एक वाट काढली. सकाळी पहिला तास मेजरांचा. ते शिकवायचे, पोरं मान डोलवायची. मेजर घरात चहाला गेले की मी फळा न पुसता त्याच नकाशावर चुका दाखवायचे आणि बरोबर ते सांगायचे. पोरांनी आपणहून ठरवलं होतं की मेजरांसमोर कुणी हात वर करायचा नाही. वह्यांत मेजरांचं पुढच्या पानावर, माझं मागच्या पानावर. त्या वयाच्या पोरांना एवढी समज कुठून आली, मला ठाऊक नाही.

मध्येच एखादा दिवस लख्ख जायचा. नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तेव्हा एका मुलानं विचारलं की हे नाव कोणत्या कलमाखाली बदललं. मी उत्तर द्यायला उठले. मेजर तडक म्हणाले, "कलम तीन राज्याच्या नावाला लागतं. जिल्ह्याला न्हाई. जिल्हा राज्य सरकार करतं, महसुलाच्या कायद्यानं. पेपरात तीन लिहिशील तर भोपळा घेशील." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन आईला सांगितलं की मेजर बरे होताहेत. आठ दिवस मी त्याच आशेवर होते. नवव्या दिवशी त्यांनी उत्तराखंड उत्तर प्रदेशात परत घातलं.

त्या तुकडीत ऋतुजा होती. तिचे आईबाप सहा महिने ऊसतोडीला जायचे, ती वसतिगृहात राहायची. मुलींना एनडीए खुली झाल्यापासून आमच्याकडं मुली यायला लागल्या होत्या, त्यांत ही सगळ्यांत चिवट. वयाच्या अटीत बसणारा हा तिचा शेवटचा पेपर होता. मेजरांचा तिच्यावर जीव. तिला ते वर्गात नावानं हाक मारत नसत, "कॅडेट" म्हणत.

परीक्षेला पंधरा दिवस असताना मेजरांनी कलम तीन पुन्हा घेतलं. त्या दिवशी ते असे काही रंगात होते की मीही ऐकत राहिले. "बाकीच्या राज्यांचं मत नुसतं विचारायचं," ते म्हणाले, "पण जम्मू-काश्मीरची हद्द बदलायची तर तिथल्या विधानसभेची संमती लागती. मत न्हाई, संमती! हा फरक अधिकाऱ्याला कळाय पायजे." ते खोटं नव्हतं. कधीकाळी तसंच होतं. त्यांनी छावणीत जवानांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं.

ते चहाला गेले. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि सांगितलं की हे आता लागू नाही. ऋतुजा त्या वेळी वर्गात नव्हती. तिच्या आईचा उसाच्या फडावरून फोन आला होता, कोयता पायाला लागल्याचा, म्हणून ती बाहेर गेली होती. परत आल्यावर मी तिला सांगायला हवं होतं. विसरले. मीही विसरले.

पेपर सुटल्यावर तिनं फोन केला. या भागावर एक प्रश्न होता आणि तिनं मेजरांचं उत्तर लिहिलं होतं. चुकीच्या उत्तराला गुणही कापतात. "पुढच्या पानावरचं आठवलं ताई," ती म्हणाली. "मागच्या पानावर काही न्हवतंच."

निकालात तिचं नाव आलं नाही. एका प्रश्नानं राहिलं की गणितानं, हे सांगायला कुणी नाही. मी गुणांची बेरीज शंभर वेळा केली आणि दर वेळी वेगळं मानलं. ती मला भेटायला आली तेव्हा रडली नाही. एवढंच म्हणाली, "मेजरांना सांगू नका. त्यांनी मन लावून शिकवलंय."

"तुला राग नाही आला?"

"कुणावर काढू ताई?"

त्यानंतर मेजर रोज विचारायचे, "कॅडेटचं पत्र आलं का?" मी म्हणायचे, "यायचंय." एकदा तिच्यासमोरच विचारलं. ती म्हणाली, "यायचंय मेजर." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले.

नवी तुकडी यायची होती. एक पालक येऊन सांगून गेले होते की म्हातारा चुकीचं शिकवतो अशी गावात चर्चा आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी माईंना म्हटलं, "आता थांबवावं लागेल." माईंनी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "तू सांग. माझ्यानं व्हायचं न्हाई."

मी सकाळी गेले. मेजर बूट घालून ओट्यावर तयार बसले होते, केस विंचरलेले, खिशात खडू. मी म्हणाले, "मेजर, आजपासून तुम्ही वर्ग घ्यायचा नाही. आता आराम करायचा."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते ताठ बसले आणि विचारलं, "आदेश लेखी हाय का?"

"नाही."

"मग मी जागा सोडू शकत न्हाई."

मी माईंकडं पाहिलं. त्या दाराला धरून उभ्या होत्या. मी पर्समधली वही काढली, पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, "हवालदार भानुदास यांना आजपासून वर्गाच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे. त्यांनी आपलं काम चोख बजावलं." त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. बोट कागदाच्या तळाशी नेलं.

"सही?"

मी सही केली.

"हुद्दा?"

मला हुद्दा नव्हता. भोपाळच्या त्या खोलीत दोनदा बसूनही मिळाला नव्हता. ते कागद पुढं धरून वाट बघत होते. हुद्द्याशिवाय ते तो कागद मानणार नव्हते, आणि कागद न मानता उठणार नव्हते. मी नावाखाली लिहिलं, लेफ्टनंट.

मेजर उठले. बुटांच्या टाचा जुळवल्या आणि मला सलाम ठोकला. कोपर जागच्या जागी होतं. मला तो सलाम परत करावा लागला. कसा करायचा ते त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी खिशातला खडू काढून माझ्या हातात दिला, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि आत गेले. माई त्यांच्यामागं आत गेल्या.

नंतर मी किती तरी वेळा स्वतःला विचारलं की दुसरं काही करता आलं असतं का. त्यांना पोरांपुढं तसंच उभं ठेवलं असतं तर पोरांचं काय, आणि वर्षभर आधीच थांबवलं असतं तर त्यांचं काय. ऋतुजाला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी काय बी केलं असतं तरी वाईटच वाटलं असतं." ती आता नगरला बी.ए. करते आहे. पदवीनंतर सीडीएस देणार म्हणते. ती जिद्दीची आहे. पण मी आता कुणाला "होईल" म्हणत नाही.

त्या कागदापासून मेजरांना वाटायला लागलं की ते पलटणीतून मोकळे झाले आहेत आणि आता घरी निघायचं आहे. त्यांनी पत्र्याची ट्रंक भरली. कांबळं, दोन सदरे, दाढीचं सामान. ट्रंकेवर बसून माईंना विचारायचे, "गाडी किती वाजता हाय?" माई म्हणायच्या, "उद्या सकाळी." पहिल्या आठवड्यात त्या समजावून पाहायच्या, की आवो हेच घर हाय, ही मी हाय. त्यावर ते इतके घाबरायचे, चौकीवर आलेल्या परक्या माणसाकडं बघावं तसे माईंकडं बघायचे, की माईंनी ते सोडून दिलं. "रोज गावाकडं निघत्यात," त्या मला म्हणाल्या, "आन गाव पायाखाली हाय. कसं पोचवू त्यांना?"

वर्ग शेजारीच चालायचा, पण दर रविवारी मी खास त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. शेवटी गेले तेव्हा ते फार खंगले होते. ट्रंकेवर बसायची ताकद नव्हती, म्हणून खाट ट्रंकेशेजारी ओढली होती आणि त्यांचा एक हात ट्रंकेच्या कडीवर होता. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. ओळख नव्हती, पण आवाजात अदब होती.

"तुमी कुठल्या?"

"तिसगावकडची," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आमचं घर बी तिथंच हाय. बाजारतळाच्या मागं. आमची मंडळी असत्यात तिथं." थोडा दम घेतला. "गेलात तर एक काम करा. घरी सांगा, निघालोय म्हणावं. वाट बघत असंल ती."

माई चहाचा कप घेऊन त्यांच्या उशाशी उभ्या होत्या.

"सांगते," मी म्हणाले.